आतल्या खोलीतला तो

वकीलसाहेब पक्के नास्तिक. पण कुठल्याही धर्माच्या माणसाला कोणी प्रार्थना करू देईना, की हे काळा कोट चढवून त्याच्या बाजूने तावातावाने भांडायला उभे. "माझा देवावर विश्वास नाही, पण ह्यांचा आहे ना? मग झालं तर!" असं न्यायाधीशांनाही सुनावायचे.

घरी मात्र बायको रोज सकाळी आतल्या खोलीत दार लोटून प्रार्थनेला बसली, की साहेबांच्या पोटात दुखायला लागायचं. आत ती कुजबुजायची, मधेच खुदकन हसायची. आपल्याशी बोलताना कधी अशी हसली का ही?

एकदा न राहवून त्यांनी विचारलंच, "मला सांगत नाहीस असं काय सांगतेस गं त्याला?"

"तुम्हाला सांगते तेच," ती म्हणाली. "फक्त तो मधे बोलत नाही."



दुसऱ्या दिवशी चहा पिताना ती बहिणीच्या घरातलं भांडण सांगू लागली. साहेब ओठ घट्ट मिटून ऐकत राहिले. ती सांगत गेली, खुदकन हसली, पुन्हा सांगत गेली. चहा पार गार झाला. मग घड्याळाकडे बघून दचकलीच, "अगंबाई, प्रार्थना राहिली की माझी!"

"जाशील गं, पुढे काय झालं ते तर सांग. थांबेल तो," असं म्हणत त्या पक्क्या नास्तिकाने आतल्या खोलीकडे एक विजयी नजर टाकली. जळ म्हणावं आता तू!