ब्रशची करामत

मुलुंडच्या घरातला जुना कॉम्प्युटर विकायचा म्हणून श्रेयस कॅबिनेट उघडून एकेक भाग लिहून घेत होता. बाबा शेजारी बसून आठवणीतून सांगत होते, "पेंटियम थ्री. वीस जीबी हार्ड डिस्क. रॅम चौसष्ट एमबीच, पण मी आतल्या धुळीवर ब्रश मारला आणि दुप्पट पळायला लागला!"

आत रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. श्रेयसने आईकडे पाहिलं.

"ब्रश मारूनही रखडतच होता," ती त्याच्या कानात पुटपुटली. "मी गुपचूप दुसरी बसवून घेतली. बोलू नकोस, वीस वर्षं खूश आहेत."

"रॅम चौसष्टच, बाबा."

"मग! सांगतोय काय?"

आई हसत चहा ठेवायला गेली. तसे बाबा हळूच म्हणाले, "ती दुसरी पट्टी काढून दे रे मला. तिची आहे ती, विकायची नाही."