पट्टीपलीकडे वीतभर

साडेपाच वाजले की त्याची लेक सुटणार होती.

कारकुनाने खालचा खण पुन्हा एकदा किलकिला केला. सिग्नलवरच्या कॅमेऱ्याने टिपलेले सहा फोटो, महिन्याला एक. दर वेळी सिग्नल लाल, गाडीचं पुढचं चाक पांढऱ्या पट्टीपलीकडे वीतभर, आणि काचेआड ती. सहा महिन्यांत खटला दाखल झाला नाही तर गुन्हा मुदतबाह्य. पहिल्या फोटोची मुदत आज, कचेरीची वेळ संपताच, संपत होती.

फोटो पडताळायचा आणि नोटिशीवर सही करायची, एवढंच त्याचं काम. जगाच्या नोटिशी त्याने धाडल्या, हिची एकही नाही. साहेबांना सुगावा लागला असता तर नोकरीवर पाणी सोडावं लागलं असतं. पण पोटच्या पोरीला कोर्टात उभं करायचं?

घराचं दार तर त्यानेच बंद केलं होतं. दोन वर्षांपूर्वी, तिच्या लग्नावरून, तोंडाला येईल ते बोलून बसला होता. तेव्हापासून अबोला. आता फोन करायचा तरी कुठल्या तोंडाने?

फोटो बघताना मात्र त्याची दुपार अलगद निघून जाई. पंखा संथ फिरत राही, रस्त्यावरचे हॉर्न लांबून, पाण्याखालून आल्यासारखे वाटत. दुसऱ्या फोटोत तिने केस कापले होते. चौथ्यात चष्मा लागला होता. सहाव्यात नुसतीच वर बघत होती, डोळे अगदी आईचे.

एवढी शिकली, पण हातभर रुंद पट्टी दिसत नाही बाईसाहेबांना, असं म्हणून तो एकटाच हसे.

साडेपाच वाजले. त्याने पहिल्या फोटोवर 'मुदतबाह्य'चा शिक्का मारला आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"गाडीवर काही दंड निघतोय का, बघायचं होतं."

खिडकीपलीकडे ती उभी होती. आखूड केस, चष्मा. त्याने गुडघ्याने खालचा खण ढकलून बंद केला.

"काही नाही," तो म्हणाला. "नोटीस निघालेलीच नाही. तू... तुम्ही काळजी करू नका."

"एकही नाही?"

"मी इथे असताना? एकही नाही."



"दर एक तारखेला मुद्दाम पट्टी ओलांडत होते, बाबा," ती म्हणाली. "म्हटलं, बोलत नाहीत तर नाही, निदान नोटिशीवर तुमची सही तरी घरी येईल."