पाच तारे

पिंपात टाकलेलं नवं लाइफ जॅकेट आधी तरंगलं. चंद्रिकाला बरं वाटलं. नवी वस्तू पाण्यात घालून पाहिल्याशिवाय तिचा कशावर विश्वास बसत नसे, मग तो जाळ्याचा दोर असो की बादली. ती पूजेचा नारळ आणायला आत गेली. बाहेर येऊन पाहते तर पाण्यावर केशरी रंगाचं काहीच नाही. तिने कोपरापर्यंत हात घातला. जॅकेट तळाशी होतं.

"अहो, हे बघा जरा!"

नितीन ओटीवर बसून होडीसाठी झेंडूची माळ ओवत होता. आज नारळी पौर्णिमा. पूजा झाली की होडी पाण्यात जायची. तो माळ हातात घेऊनच आला. दोघांनी मिळून जॅकेट वर ओढलं. ते भिजलेल्या गोधडीसारखं जड झालं होतं. चंद्रिकाने विळीवर त्याची शिवण फाडली. आत गादीवाल्याकडचा स्पंज आणि चिंध्या. बाहेरून मात्र चकचकीत पट्ट्या, खांद्याला शिट्टी आणि छातीवर ठळक इंग्रजीत 'सेफ्टी'.

"हरामखोर!" नितीन म्हणाला. "परत करतो. आत्ताच्या आत्ता परत करतो."

परत काय करतो, कपाळ! खोकं येऊन महिना उलटला होता. होडीची नवी वस्तू नारळी पुनवेच्या दिवसाआधी उघडायची नाही, ही घरातली रीत. सासूने खोक्याला हळदकुंकू लावून ते देव्हाऱ्याखाली ठेवलं, आणि माल परत करायची मुदत तिथेच देवाच्या पायाशी संपून गेली. विकणाऱ्या चोराला या रीतीची कल्पनाही नसेल. त्याचं आयतं फावलं.

नितीनने फोनवर अ‍ॅप उघडून विकणाऱ्याचा नंबर लावला. लागला नाही. पुन्हा लावला. चंद्रिकाने फोन त्याच्या हातातून ओढून घेतला आणि जॅकेटखाली लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचायला लागली.

"घेण्याआधी हे वाचलं होतंत?"

"तारे बघितले ना. साडेचार होते."

"तारे बघितले! बाजारात चार वांगी घेताना दहा उलटसुलट करून बघता. हे वाचा. 'उत्तम दर्जा, जलद सेवा.' त्याच्याखाली पण 'उत्तम दर्जा, जलद सेवा.' त्याच्याखाली पण तेच. एकाच माणसाने बसून लिहिलंय हे सगळं, आंधळ्यालाही कळेल. माणसासारखं लिहिलंय ते फक्त एकाने."

तिने फोन त्याच्या तोंडापुढे धरला. हळदकुंकू लावलेल्या खोक्याचा फोटो होता. वर पाच तारे. खाली मजकूर: 'आमच्या होडीसाठी घेतलं. माल एकदम चांगला. नितीन, वाढवण.'

"खोकं न उघडता?"

"नवी वस्तू घरात आली की पहिला शब्द चांगलाच काढायचा असतो," नितीन पुटपुटला. "आईच म्हणाली, चांगलं लिही. आणि ते अ‍ॅप सारखं विचारत होतं, कसं आहे, कसं आहे."

"मग देवाला सांगायचं होतंत. सगळ्या जगाला कशाला सांगितलंत?"

फोटोखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. हा अभिप्राय एकोणीस जणांना उपयोगी वाटला. चंद्रिकाचा राग त्या ओळीवर येऊन अडला.

"चिमणभाऊंनी त्यांची जॅकेटं कुठून घेतली?"

नितीनचा चेहराच उतरला. शेजारच्या चिमणला हा फोटो त्यानेच मोठ्या हौसेने दाखवला होता, आणि तो बघूनच चिमणने तीच जॅकेटं मागवली होती. चिमणने तो पुढे बाबल्याला दाखवला होता. बाबल्या चिमणच्या होडीवरचा खलाशी, तलासरीकडच्या डोंगरातला. त्याला पोहता येत नव्हतं. दोन वर्षं तो होडीच्या मधोमध बसून, एका हाताने दोर घट्ट धरून काम करत आला. यंदा बायको त्याला सोडायलाच तयार नव्हती. अंगात जॅकेट असेल तरच जायचं, या अटीवर तिने त्याला पाठवलं होतं.

"त्यांची पूजा सकाळीच झाली," नितीन म्हणाला आणि धावत सुटला. चंद्रिका फाटकं जॅकेट घेऊन त्याच्यामागे धावली. वाटेत कोणीतरी हसून विचारलं, एवढी घाई कसली, समुद्र कुठे पळून जातोय का? तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. विकणाऱ्याचा, त्या ताऱ्यांचा आणि पुढे धावणाऱ्या नवऱ्याचा तिला सारखाच संताप येत होता.

भरतीचं पाणी किनाऱ्याच्या दगडांना येऊन भिडलं होतं. चिमणची होडी निघून गेली होती, पण अजून फार लांब नव्हती. पताका दिसत होत्या, माणसं ओळखू येत होती. नितीन कमरेइतक्या पाण्यात शिरून ओरडला, "चिमण, फिरव! होडी फिरव!" इंजिनाच्या आवाजापुढे त्याचं ओरडणं कोणाला ऐकू जाणार? चिमणची त्यांच्याकडे पाठ होती. चंद्रिकाने फाटकं जॅकेट दोन्ही हातांनी डोक्यावर धरून जिवाच्या आकांताने हलवलं. त्यातल्या चिंध्या तिच्या खांद्यांवर पडत होत्या.

एकट्या बाबल्याने त्यांना पाहिलं. एरवी मधोमध बसणारा बाबल्या आज होडीच्या अगदी पुढच्या टोकाला उभा होता. आपल्याला निरोप द्यायला ही दोघं आली, असं वाटून तो हसला. छातीवरच्या केशरी जॅकेटवर त्याने दोनदा थाप मारली. मग दोन्ही हात हलवता यावेत म्हणून त्याने धरलेला दोर सोडून दिला.