बापाचा रकाना

फादरांनी नोंदवहीत बाळाचं नाव लिहिलं, आईचं लिहिलं आणि तिसऱ्या रकान्यावर पेन टेकवलं. "बापाचं नाव?"

घड्याळजी तोंड उघडणार तोच त्याची थोरली बहीण, जिला सगळे बाई म्हणत, म्हणाली, "तो रकाना कोरा ठेवा, फादर."

"काय म्हणालात?"

फादरांचा डावा कान कधीच कामातून गेला होता आणि बाई नेमक्या डाव्या बाजूला उभ्या होत्या. त्यांना तेच वाक्य पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं. भिंतीपलीकडे चर्चच्या बाकांवर बाप्तिस्म्याचे पाहुणे घसे खाकरत बसले होते. ते खाकरणं थांबलं.

घड्याळजीची बायको सहा आठवड्यांच्या मुलीला छातीशी धरून उभी होती. लग्नाला पाच महिने झाले होते. बोटं सगळ्यांनीच मोजली होती.

"माझा राग नाही कोणावर," बाई म्हणाल्या, आणि ते खरं होतं. बाळाच्या अंगावरचा पांढरा झगा त्यांनीच शिवला होता. "आमच्या सात पिढ्या या वहीत आहेत, फादर. एक अक्षर खोटं नाही. मूल रक्ताचं नाही हे मला ठाऊक आहे, याला ठाऊक आहे, देवाला ठाऊक आहे. मी तिला अंगाखांद्यावर खेळवीन. पण जे आडात नाही ते पोहऱ्यात कुठून आणायचं? तेही देवाच्या घरात?"

घड्याळजीला आईमागे बाईंनीच वाढवलं होतं. केसाएवढी स्प्रिंग बसवताना न हलणारे त्याचे हात आता टोपीची कड चुरगाळत होते. "ताई..." एवढंच तो म्हणाला.

बोलली ती बायको.

"बाई, तुम्ही आमच्याकडून वंशावळ पाठ करून घेतली होती."

लग्नानंतर ती नणंदेला ताई म्हणायला शिकली होती. आज जुनंच तोंडात आलं. रविवारच्या वर्गात तीस वर्षं बाईंनी पोरांकडून प्रभूच्या बेचाळीस पिढ्या घोटून घेतल्या होत्या. एकदा योशीया गाळला म्हणून हिलाच तासभर खिडकीपाशी उभं केलं होतं.

"म्हणता का एकदा?"

"आत्ता?"

"शेवटच्या चौदा म्हटल्यात तरी चालेल."

वंशावळ म्हणायला सांगितली आणि बाई नाही म्हणाल्या, असं कधी झालं नव्हतं. त्यांची पाठ ताठ झाली. शल्तिएलाला जरुब्बाबेल, जरुब्बाबेलाला अबीहूद, अबीहूदाला एल्याकीम. बापाला लेक, लेकाला लेक, कुठे अडखळणं नाही, दम खाणं नाही. मत्तानाला याकोब. याकोबाला योसेफ, मरियेचा नवरा. आणि मरियेच्या पोटी...

"थांबा, बाई. योसेफाला येशू झाला, असं नाही म्हणालात."

"कसं म्हणेन? तसं लिहिलेलं नाही. तो कुमारीच्या पोटी आला. योसेफाचं रक्त नाही त्याच्यात."

"थेंबभरही?"

"थेंबभरही नाही. त्यावर तर आपला विश्वास उभा आहे."

"मग एवढा वेळ तुम्ही वंशावळ कोणाची म्हणत होतात?"

बाई खिडकीकडे वळल्या. मग म्हणाल्या, "मरियाही दावीद राजाच्याच कुळातली, असं म्हणतात." पण हा आवाज वर्गातला नव्हता.

"असेलही. लिहिलीय कोणाची?"

"योसेफाची."

"प्रभूला आपण दावीदाचा पुत्र म्हणतो. त्या राजाच्या कुळात त्याला घेतलं कोणी?"

"देवानं."

"हो. कोणाच्या हातून?"

फादर उजवा कान पुढे करून ऐकत होते. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. बोलल्या तेव्हा एकेक शब्द तपासून घेतल्यासारख्या बोलल्या.

"योसेफ तिला सोडायला निघाला होता. त्याला स्वप्नात सांगणं झालं, भिऊ नकोस, बायकोला घरी आण. आणि मुलाचं नाव तू ठेव. त्यानं ठेवलं." त्या थांबल्या. "हे मी मुलांना दरवर्षी शिकवते."

आता घड्याळजीनं टोपी टेबलावर ठेवली.

"ताई, मला कोणी फसवलेलं नाही. लग्नाआधीच हिनं सगळं सांगितलं होतं. त्यावर मी दोन दिवस विचार केला आणि हो म्हणालो. मुलीचं नाव मी ठेवलंय. खोटी सही करायला मी इथं आलो नाही. मी तिचा बाप आहे."

आयुष्यात ताईसमोर तो एका दमात इतकं बोलला नव्हता. बाईंनी डोळ्यांना पदर लावला, तो झटक्यात खाली सोडला आणि टेबलाशी गेल्या.

"काय लिहू मग?" फादरांनी विचारलं.

"तुमचं अक्षर किरटं आहे, फादर. द्या इकडे."

बाईंनी भावाचं नाव लिहिलं. त्याचं, मग वडिलांचं, मग आडनाव. फळ्यावर लिहावं तसं मोठं, गोल, शेजारच्या रकान्यात थोडं घुसलेलं. शाई वाळेपर्यंत त्या वाकून फुंकर घालत राहिल्या. मग भावजयीपुढे हात पसरले. "दे तिला. मी नेते."

दार उघडलं. पाहुण्यांनी माना एकदम खाली घातल्या. भिंत पातळ होती हे सगळ्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. बाई पुढे, घड्याळजी आणि बायको मागे, सगळ्यांत शेवटी फादर.

पहिल्या बाकावर बाईंची म्हातारी चुलती बसली होती. तिला गप्प बसवत नाही हे सगळं घराणं जाणून होतं. तिनं मान उंच करून बाळाकडे पाहिलं.

"कोणावर गेलीय गं पोर?"

बाई थांबल्या. झग्याची टोपी त्यांनी बोटानं मागे सारली, म्हणजे तोंड सगळ्यांना नीट दिसावं.

"बापावर," त्या म्हणाल्या, शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात. "कपाळ बघा. आमच्या घरात सगळ्यांचं असंच."