मांडीवरचं दही

"म्हशीचं दूध पहाटे विरजलंय. वाटेत हललं तर दही लागायचं नाही," असं म्हणत सासूबाई भांडं मांडीवर, दोन्ही हातांत अलगद धरून मागच्या सीटवर बसल्या. रत्नागिरीच्या गरोदर लेकीला कोल्हापूरचंच दही हवं होतं.

स्टिअरिंगवर बसलेली शाल्मली मनातून खूश झाली. कंपनीच्या या वेगवान, महागड्या गाडीचं सस्पेन्शन तिनेच जुळवलं होतं. घाटातल्या वळणांवर पकड हवी तर ते कडक लागतं, खड्ड्यांत पाठ शाबूत हवी तर मऊ. आपण दोन्ही साधलंय, असा तिचा दावा होता. आज त्याचा निकाल दही देणार होतं.

आंबा घाटात गाडी रस्ता धरून वळली. पुढे खड्डे लागले, तरी आरशात दिसणाऱ्या सासूबाई भांड्याकडेच बघत होत्या.

लेकीच्या दारात झाकण उघडलं. दही छान लागलं होतं, वर साधी चीरही नव्हती. "सेटिंग जमलं," असा निरोप शाल्मलीने साहेबांसाठी टाइप केला आणि विचारलं, "आई, एकही हिसका बसला नाही ना?"

दुखरी मनगटं चोळत सासूबाई समाधानाने दह्याकडे बघत होत्या.

"दह्याला नाही बसला."