सईचा दाखला

सही करायची नाही, असं वेल्ह्यापासून घोकत आलेल्या हनुमंतानं टेम्पो भोरच्या शाळेसमोर उभा केला. रत्ना त्यांच्या पोरीला, सईला घेऊन गुजरातेत वापीला निघाली होती. शिरवळची कंपनी तिला तिथल्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून पाठवत होती, राहायला खोलीही देत होती. पण शाळेच्या दाखल्याशिवाय पोरीला तिकडं घेणार कोण? आणि बापाच्या सहीशिवाय दाखला मिळतो कुठं?

मुख्याध्यापिका शैलजाबाईंसमोर रत्ना बसली होती. सई व्हरांड्यात मैत्रिणींच्या गराड्यात होती.

हनुमंत दारातूनच म्हणाला, "बाई, माजी परवानगी न्हाई ह्या दाखल्याला. म्या सही करणार न्हाई."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण कोण?"

हनुमंतानं रत्नाकडं पाहिलं. ती भिंतीवरच्या नकाशाकडं बघत राहिली.

"सईचा बाप," तो म्हणाला. परक्या माणसासमोर हे त्यानं पहिल्यांदाच सांगितलं होतं.

बाईंनी रजिस्टर ओढलं, एका ओळीवरून बोट फिरवलं. मग त्यांचा स्वर उतरला. "इथं मुलीच्या नावापुढं आईचंच नाव आहे. त्यांची सही झाली. तुमच्या सहीची गरज नाही हो."

वाटभर त्यानं भांडणाची तयारी केली होती. बाई दटावतील, रत्ना हातापाया पडेल, तो मुळीच ऐकणार नाही. आपली सही कुणी मागणारच नाही, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दाखल्याची घडी पर्समध्ये ठेवून रत्ना बाहेर आली. तो तिच्या मागोमाग.

"जाऊ नगंस, रत्ना. म्या घरी माज्या आबांशी बोलतो. लगीन करू. ह्या दिवाळीपातुर..."

"सई झाली तवा दवाखान्यात बापाचं नाव इचारलं होतं," रत्ना म्हणाली. "आबांना कळंल, आत्ताच नगं लिहू, असं तुमीच म्हणालावता. आठ वर्सं झाली. आता कुठली दिवाळी सांगता?"

ती चिडून बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती दमल्यासारखी बोलत होती.

"येवढं करा, आमाला स्टँडवर सोडा. पाऊण वाजता स्वारगेटची गाडी हाय."

त्यानं सोडलं. रत्ना पाण्याची बाटली आणायला गेली आणि सई बाकावर पाय हलवत बसली. दर मंगळवारी बाजारात भाजी उतरवली की त्यांच्या खोलीवर येणारा, शेंगा नाहीतर करवंदं आणणारा, पाढ्यांत सात सक्कं चुकणारा, तो तिचा हनुमंतकाका होता.

तो तिच्यासमोर फरशीवर गुडघे टेकून बसला.

"सई, तुला येक सांगायचं हाय."

"काय, काका?"

"म्या तुजा काका न्हाई. बाप हाय म्या तुजा."

सईचे पाय हलायचे थांबले.

"मला माहितीये," ती हळूच म्हणाली.

"कवापासनं?"

"पहिलीत होते तेव्हापासून. आई म्हणाली, त्यांनी आपणहून सांगितलं की मग बाबा म्हण. तोवर काकाच म्हणायचं."

आता ती तिसरीत होती. दोन वर्षं दर मंगळवारी पोर दार उघडायची, त्याच्या तोंडाकडं बघत थोडी थांबायची आणि मग पिशवी हातात घ्यायची. पोरीला खाऊची घाई नाही, याचं त्याला कौतुकच वाटायचं.

त्याला मान वर करवेना.

गाडी फलाटाला लागली. रत्नानं लांबून हाक मारली. सईनं दप्तर पाठीला अडकवलं, दोन पावलं गेली आणि वळली. हनुमंत होता तिथंच होता, गुडघ्यांवर. बाकावरच्या बाया, चणेवाला, कंडक्टर, सगळे त्याच्याकडं पाहत होते.

"बाबा, उठा ना," ती म्हणाली. "लोकं बघतायत."

"बघू देत," हनुमंत म्हणाला.

ते ऐकायला ती थांबली नव्हती. आईचं बोट धरून ती गाडीची पायरी चढत होती.