कॉलेज का बदललं?

आईचं डायलिसिस जिथे होणार होतं, त्या शहरात राहता यावं म्हणून तिने इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात कॉलेज बदललं. नव्या कॉलेजने जुने विषय धरलेच नाहीत. ज्युनिअर पोरांच्या रांगेत उभं राहून लेथवर पुन्हा तेच लोखंड कातत तिने कशीबशी डिग्री पदरात पाडून घेतली. पण नोकरीच्या प्रत्येक मुलाखतीत घोडं एकाच प्रश्नावर अडायचं. ती खरं सांगायची, समोरचे हळहळायचे आणि नंतर फोनच यायचा नाही.

आज पंपांच्या कारखान्यात, बेअरिंग का तापतं इथपासून सगळी उत्तरं तिने धडाधड दिली. मग मॅनेजरने तोच प्रश्न विचारला. तिने कारण सांगितलं.

"म्हणजे आईसाठी उद्या इथूनही निघून जाल?"

तिने मांडीवरची फाईल मिटली.

"नाही सर. आई गेली माझी."

मॅनेजरने मान खाली घातली. "सोमवारपासून या," तो हळूच म्हणाला.

कारखान्याच्या फाटकाबाहेर, हातावर सुईची पट्टी तशीच चिकटलेली आई बाकावर बसली होती.

"मिळाली?"

लेकीने होकारार्थी मान हलवली आणि तिथेच तिला रडू कोसळलं.

आईने तिला जवळ ओढलं. "रडतेस काय, वेडे? मी मेले म्हणून सांग, असं मीच बजावलं होतं ना तुला? आणि अशी खोटी आवई उठली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात."